टोन माझ्यात आहे, हॉर्न ऐकत नाही

३ फेब्रुवारी १९३५, रविवार. वाशीम.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पुढे नाव झालं की सुरुवात कशी झाली हे माझं मलाच आठवायला हवं, एवढ्यासाठी.

सायकल देऊन फ्रेंच हॉर्न घेतला. कामठीच्या पलटणीतल्या कोण्या गोऱ्याचा होता. तो विलायतेला परत गेला आणि हॉर्न फिरत फिरत अकोल्याच्या एका शिंप्याकडे आला. शिंप्याला सायकल हवी होती. पितळेचं वेटोळं आहे, मोठ्या जिलेबीसारखं, आणि भोंगा चक्क मागे तोंड करून. आपल्याकडे कुठल्या बँडमध्ये हे वाद्य नाही. सात वर्षं मोहनसिंग मास्तरच्या बँडमध्ये झांजा आपटल्या. बस झालं.

पंचफुलानं (सौ.) विचारलं, आता जिनात कामाले पायी जासान का? जाईन. पायी चालण्यानं छाती रुंद होते आणि छाती रुंद झाली की टोन येतो. बायकांना शास्त्र कळत नाही.

केनवडला मेहुण्याला, रामरावाला, पत्र टाकलं. त्याच्या रंगूचं लग्न वैशाखात. बँड आमचाच. पाठवणीला फ्रेंच हॉर्नवर मी एकटा वाजवणार, बाकी बँड गप्प. बारा वर्षं त्या घरात मला ‘जिनातला काटेवाला’ म्हणतात. मी काटेवाला नाही, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात वजन-कारकून आहे. पंगतीत माझं पान दाराजवळ, चपलांच्या बाजूला. आता बघू पान कुठे मांडतात.

४ फेब्रुवारी, सकाळी ६

वाजला नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ७

वाजला. शेजारच्या धुरपताबाई विचारायला आल्या की म्हशीले काय झालं. आमच्याकडे म्हैस नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

५ फेब्रुवारी

कारण सापडलं. एवढी वर्षं गोरा त्यात फुंकत होता. त्याचा उष्टा श्वास आत बसलेला असणार. त्याशिवाय चांगल्या माणसाच्या तोंडून असा आवाज निघणं शक्य नाही. पंचफुला म्हणाली, तोंडाची नळी तेवढी धुऊन घ्या. अर्धवट काम मला आवडत नाही. दूध, दही, तूप, मध, साखर, असं पंचामृत करून भोंग्यातून पूर्ण हॉर्नमध्ये ओतलं. शुद्धी झाली. उद्यापासून टोन.

६ फेब्रुवारी

बुडबुडे येतात.

८ फेब्रुवारी

मुंग्या. हॉर्नमधून रांग बाहेर येते आणि दुसरी रांग आत जाते. तीनपैकी दोन चाव्या दाबल्या की वर येत नाहीत, तूप थिजलं आहे. वास तर विचारूच नये. ही थंडीची चूक. चैत्रात ओतलं असतं तर तूप आपोआप निघून गेलं असतं.

१० फेब्रुवारी, रविवार

नाइलाजानं हॉर्न मोहनसिंग मास्तरकडे नेला. म्हातारा तरुणपणी पलटणीच्या बँडमध्ये होता, त्याची घमेंड अजून गेलेली नाही. त्यानं आत वास घेतला आणि विचारलं, इंद्रभान, याच्यात सत्यनारायण केला काय? सगळे हसले. सगळ्यात जास्त रूपला हसला. रूपला म्हणजे आमचा कार्नेटवाला, आखूड तुतारीसारखा बाजा वाजवणारा, वय बावीस, मिशी अजून फुटतेच आहे. मास्तरनं गरम पाणी आणि राख घेऊन दिवसभर हॉर्न धुतला. मी आभार मानले नाहीत. हसलाच का?

१७ फेब्रुवारी

मास्तरची शिकवण ऐकून डोकं फिरलं. म्हणे, ओठ ढिले ठेव, गाल नोको फुगवू, नळी तोंडावर दाबू नोको, पोटातून हवा सोड, अन् एकच सूर हळू, लांब, रोज घंटाभर. उजवा हात भोंग्याच्या आत ठेवायचा, ओंजळीत पाणी घेतल्यासारखा. म्हणे, टोन ओठात हाय, हवेत हाय, सगळ्यात जास्त कानात हाय.

कानात! मग कानानंच वाजवा म्हणावं. आणि हात भोंग्यात कशाला घालायचा? आवाज बाहेर यावा म्हणून भोंगा केला ना? मग त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा, ही कुठली अक्कल? गोऱ्याला थंडी वाजत असेल म्हणून तो हात घालत असेल. वाशीमला त्याची गरज नाही.

माझा निर्णय: हात बाहेर. हळू वाजवणं बंद. हळू तर कोणीही वाजवेल.

१९ फेब्रुवारी

पोटभर दूध-तूप पिऊन सराव. उलटी.

२ मार्च

रोज दोन तास पूर्ण जोर. ओठाभोवती नळीचं लाल कडं उठलं आहे, ते दुखतं, पण अभिमानाची गोष्ट आहे. धुरपताबाईंनी माहेरी जाऊन राहायचं ठरवलं आहे. साठ वर्षांच्या बाईला माहेर कुठून आलं कोण जाणे.

घरातून मला हाकललं. आता सराव जिनामागच्या सरकीच्या ढिगावर. तिथं माझा टोन दाबला जातो. सरकी आवाज खाते. हे कोणी लक्षात घेत नाही.

३ मार्च

रामरावाचं उत्तर. हॉर्न अवश्य आणा, वऱ्हाडी मंडळी पाहतील. ‘ऐकतील’ असं लिहिलेलं नाही. त्याचं लिखाण पहिल्यापासून कच्चं.

१४ मार्च. जऊळका.

आज रूपलाला बोट दाखवून मास्तर म्हणाला, याचं ऐक, एकदा बसून फक्त याचं ऐक. मी सांगितलं, मला वेळ नाही. खरंच नव्हता, गाडी पकडायची होती.

जऊळक्याला वरात होती. पहिल्यांदा बँडमध्ये हॉर्न. पुढे बँड, मागे सोमलाचा घोडा, घोड्यावर नवरदेव. बाकी सगळ्यांची वाद्यं पुढे वाजतात, माझं मागे वाजतं, म्हणजे थेट घोड्याच्या तोंडात. हा विचार मास्तरनं करायला हवा होता. मी वाजवणारा माणूस, मी कुठे कुठे बघू?

पहिलाच सूर मी असा दिला की घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि नाल्यात उतरला. नवरदेवाचं बाशिंग बाभळीला लटकलं. नवरदेव सापडला. सोमला मला वाटेल ते बोलला. म्हणे, माया घोडा फटाक्याले भेत नाई, तोफेले भेत नाई. तोफ त्यानं कधी पाहिली ते विचारायचं राहिलं.

माझं मत: खेड्यातल्या घोड्याला संगीताचा कान नाही.

परतीच्या गाडीत कोणी माझ्याजवळ बसलं नाही. रूपला मात्र आला आणि म्हणाला, दादा, तुमी लय जोर लावून राह्यले, जरासा कमी करा ना. मी त्याला सांगितलं, तुझ्या जन्माआधीपासून मी बँडमध्ये आहे. तसं नाही, पण सांगितलं.

१५ मार्च

मास्तरचा हुकूम: केनवडच्या लग्नातही इंद्रभान झांजांवर. पाठवणीचा सूर रूपलाच्या कार्नेटवर.

मी बोलणं सोडलं आहे. मास्तरशी, रूपलाशी, सोमलाशी. घोड्याशी तर प्रश्नच नाही.

१६ मार्च

पंचफुलाला सांगितलं नाही. तिनं केनवडला बायकांना आधीच सांगून ठेवलं आहे की आमचे हे पाठवणीला वाजवणार. कशाला सांगितलं? मी सांग म्हणालो होतो, ते वेगळं.

२ एप्रिल

जिनाचा हंगाम संपत आला, वेळच वेळ. टोनसाठी नवा उपाय: चिंच लावून घासणं. पितळ इतकं चमकलं की त्यात तोंड दिसतं. वाजवला. आवाज तोच. पण चमक पाहता टोन जवळ आला आहे यात शंका नाही.

११ एप्रिल

टोन आला! सकाळी एकदाच, एक लांब, गोल, मऊ सूर. माझा विश्वास बसेना. नंतर कळलं की स्टेशनात इंजिनानं शिट्टी दिली होती.

रेल्वेवाल्यांना वेळकाळ नाही.

२० एप्रिल

मास्तरच्या घरी जाऊन चांगलं सुनावून आलो. म्हणालो, माझ्या मेहुण्याच्या घरचं लग्न, माझ्या बायकोच्या माहेरचा मांडव, आणि मी तिथं झांजा आपटू? बारा वर्षं दाराजवळ जेवलेल्या माणसानं? आवाज चढला. मास्तर तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, इंद्रभान, तुले राग येते तो सगळा तू बाज्यात फुंकतं. बाजा काय करन?

रागाचा आणि टोनचा काय संबंध? रागानंच तर छाती भरते.

५ मे

आज अचानक मास्तर स्वतः घरी आला. म्हणाला, केनवडले तू समोर. मांडवाच्या मधोमध, हॉर्न घेऊन. मी म्हणालो, उशिरा का होईना, अक्कल आली. तो हसला नाही, पाणी पिऊन गेला.

पंचफुलानं माझा कोट धुऊन ठेवला. मी जिंकलो.

९ मे, गुरुवार. केनवड. सकाळी ११

रक्त उकळतं आहे, तरी लिहितो.

मास्तरनं आत्ता गोठ्यामागे नेऊन सांगितलं. तू समोर उभा राहा. हॉर्न तोंडाले लाव. फुकू नोको. रूपला तुया मागं, कनातीच्या आड उभा राहीन, कार्नेटले रुमाल बांधून, तो वाजवन. कोणाले समजन नाई.

म्हणजे मी चकचकीत भांडं. मांडवाची शोभा. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? म्हणे, ते कायले इचारतं. रूपला खाली मान घालून उभा होता. त्याला तरी लाज आहे.

९ मे, दुपारी ३

ठरलं. रूपलानं पहिला सूर काढला की त्याच्यावर माझा असा सूर घालायचा की कनात फाटली पाहिजे. लग्न मोडलं तरी चालेल. मोडणार नाही, लागून गेलं आहे. सगळ्या केनवडला कळू दे फ्रेंच हॉर्न म्हणजे काय.

पान आज दाराजवळच होतं.

१० मे, शुक्रवार

काल काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

मांडवाच्या मधोमध उभा राहिलो. समोर रामराव, त्याचे व्याही, चारशे माणसं. बायकांमध्ये पंचफुला, माझ्याकडे न बघता. हॉर्न तोंडाला लावला. छाती भरून घेतली, तीन महिन्यांचा राग होता नव्हता तेवढा भरला.

मागून रूपलानं सुरू केलं. हळू. रंगू आईच्या गळ्यात पडून रडत होती. ते रडणं ऐकू येत होतं आणि सूरही ऐकू येत होता, एकानं दुसऱ्याला झाकलं नाही. सूर कुठे सुरू झाला ते कळलंच नाही, तो आधीपासून तिथंच होता असं वाटलं. मी सात वर्षं या पोराच्या शेजारी उभा आहे. हा असा वाजवतो हे मला माहीत नव्हतं.

छाती भरलेलीच होती. फुंकायचं होतं. पण फुंकलं असतं तर ते बिघडलं असतं, हे मला स्पष्ट कळलं. कळलं याचाच मला जास्त राग आला. श्वास नाकातून सोडून दिला. डोळ्यांतून पाणी आलं, ते लोकांनी पाहिलं.

मग काय सांगावं. व्याही उठून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणे, असा गोड आवाज जल्मात नाई ऐकला. एका म्हाताऱ्यानं विचारलं की आवाज मागून काहून येऊन राह्यला, तर रामरावानं सगळ्यांना समजावून सांगितलं की या बाज्याचा भोंगाच मागे असते, माया जावयाले सगळं मालूम हाय. बारा वर्षांत पहिल्यांदा जावई म्हणाला. संध्याकाळच्या पंगतीत माझं पान त्याच्या शेजारी. वाढणारा तीनदा तूप घेऊन आला. कनातीच्या आड रूपला कार्नेट पुसत होता. त्याला कोणी काही म्हटलं नाही, आणि मीही नाही.

आज सकाळी बैलांच्या दमणीतून परत निघालो. पंचफुला बाजूला, हॉर्न दोघांच्या मध्ये. केनवड मागे पडलं तेव्हा मी तिला सांगून टाकलं की मी काल वाजवलंच नाही, एक श्वासही घातला नाही, तो सगळा रूपला होता. वाटलं, ती रडेल, किंवा भांडेल. मला भांडण हवं होतं.

ती म्हणाली, मले मालूम हाय. मीच गेली होती मोहनसिंग मास्तरच्या घरी, हात जोडून.

मी ओरडलो. काहून, म्हणून विचारलं. तिनं पदर सारखा केला आणि बैलांकडे बघत सांगितलं की माया भावाच्या मांडवात तुमी समोर उभे राह्यले पायजे, हे मले पायजे होतं. वाजवलं पायजे, असं नोतं.