जीपमधली नवी बाई

ती. दादांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि चार दिवसांपूर्वी बसने तुमच्याकडे आलेली तुमची बहीण, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा करतो. (पहिल्या दोघांची मला काळजी आहे, तिसरीची धास्ती.) तिला न्यायला मी अजून का आलो नाही, असं तुम्ही म्हणत असाल. ती तर नक्कीच म्हणत असेल, आणि अशा वेळी ती काय काय म्हणते ते मला पाठ आहे. पण दादा, मी दोनदा निघालो होतो. पोचलो नाही, एवढंच. तेव्हा माझी बाजू एकदा ऐकून घ्या, मग काय ती शिक्षा द्या.

आमची जुनी जीप तुम्हाला माहीत आहेच. ती कुठलाही डोंगर चढते, फक्त मी तिला हव्या त्या डोंगराशी नेऊ शकत नाही. तीस वर्षं कचेरीत बसून नकाशे काढले. पण कागदावर उत्तर दिशा वर असते आणि जीपमध्ये वर ताडपत्री असते, तिथेच माझं घोडं अडतं. तुमची बहीण शेजारी असली की चिंता नसे. एकट्याने जायची वेळ आली, की मी पोस्टात जायला निघून स्मशानापाशी उभा. (दोनदा. दुसऱ्यांदा तिथल्या माणसाने आपुलकीने विचारपूस केली.) शेवटी कंटाळून तिने मला रस्ते कॅसेटमध्ये भरून दिले. पोस्टाचा, इस्पितळाचा, माझ्या दातांच्या डॉक्टरचा, अशा अकरा कॅसेटी. फाटकातून निघताना टेप चालू करायचा आणि ती सांगेल तसं वळायचं. मी किती हळू चालवतो हेही तिने त्यात धरलं होतं.

गेल्या महिन्यात हा टेप कॅसेटी खायला लागला, म्हणून जीप वायरिंगवाल्याकडे नेली. तो म्हणाला, काका, टेप कसला दुरुस्त करता, पडदा बसवा. गाणी, फोन, नकाशा, सगळं त्यातच. मी हो म्हटलं. त्याने जुना टेप उपसून काढला, त्या जागेत पडदा मावेना म्हणून भोक मोठं केलं, मग पडदा लहान पडला म्हणून मोठा पडदा आणला. आता चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, की माझं कोपर पडद्याला लागतं आणि बाई परकी भाषा बोलायला लागते. (पडद्यात एक बाई आहे, ती रस्ता सांगते. हे आधी सांगायला हवं होतं.)

तुमच्या बहिणीला हौसेने पहिल्या फेरीला नेलं. मी तीन वळणं चुकलो, तिन्ही वेळा बाई न रागावता नवा रस्ता सांगत गेली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ, किती शांतपणे सांगते. एकदाही ओरडली नाही."

तुमची बहीण त्यावर चक्क "हो" म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. घरी आल्यावर तिला कचऱ्याच्या डब्याशेजारी बुटांचं खोकं दिसलं, त्यात त्या अकरा कॅसेटी होत्या. (टेपच नाही तर कॅसेटी कशाला, असा माझा सरळ विचार.) तिने खोकं उचलून आत नेलं, फडक्याने पुसलं, फळीवर ठेवलं आणि बॅग भरायला घेतली. म्हणाली, "आता तुम्हाला माझी काही गरज नाही." ती माझ्या बोलण्यावर रागावली की खोक्यावर, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्हींवर असेल तर तसं कळवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणायला निघालो. पत्राच्या पाकिटावर घालतो तोच तुमचा पत्ता पडद्यात घातला. पण गावाबाहेर पडून गाडी जरा पळवली, की आमच्या इंजिनाच्या आवाजात बाई ऐकू येत नाही. ऐकायला गाडी थांबवावी, तर बाईही थांबते, कारण गाडी हलल्याशिवाय तिला पुढचं काही सांगायचं नसतं. असे एकमेकांची वाट बघत आम्ही तीन तास चाललो. मग डांबर संपलं, पडद्यावरचा रस्ताही संपला, बाण नुसताच पांढऱ्यात तरंगू लागला आणि बाई म्हणाली, तुम्ही पोचलात. मी खडीच्या खाणीत होतो. क्षणभर वाटलं, तुम्ही घर पाडून नवं बांधायला काढलंत की काय. वजनकाट्यावरचा माणूस मला बाहेर सोडेना. आत आलेली गाडी वजन केल्याशिवाय जात नाही, असा तिथला नियम. जीपचं माझ्यासकट वजन झालं आणि पावतीवर त्याने लिहिलं, 'माल : निरंक'. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मला फार वाईट वाटलं.

काल पुन्हा निघालो. शेजारच्या शिंपीणबाईंचा सेलवर चालणारा टेप मागून आणला, तुमच्या बहिणीच्या जागेवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि दारातच गाडी उभी ठेवून तुमच्या रस्त्याची कॅसेट शोधत एकेक घालू लागलो. (कशावरही नाव नाही. तिला लागत नाही.) तिने त्या स्वयंपाकघरात बसून भरल्यात, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. "आता डावीकडे. डावीकडे म्हटलं ना." मी चुकणार, हे तिने बसल्या जागी ओळखलेलं. इस्पितळाची कॅसेट तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरलेली आहे. तिच्या शेवटी ती म्हणते, "पोचलात ना? मग आता वर या. दुसरा मजला. जिना डाव्या हाताला, आणि घाबरू नका." दादा, मी तसाच गाडीत बसून रडलो. काल गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही.

पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार. तुमच्या खांद्यावरून डोकावून जी हे वाचते आहे, तिला काय लिहावं ते सुचत नाही.

आपला,
गोंधळलेला मेहुणा

ता. क. : वायरिंगवाल्याकडून जुना टेप परत आणला. दुरुस्त होतो म्हणे. पडद्यातली बाई मी त्यालाच देऊन टाकली.

आणखी एक ता. क. : अकराही कॅसेटी दोन्ही बाजूंनी ऐकल्या. तुमच्या घरचा रस्ता एकीतही नाही. आधी वाटलं, बारावी कुठे हरवली असेल. मग लक्षात आलं, तुमच्याकडे मी एकटा कधी आलोच नाही, तर ती भरणार कशाला? तेव्हा कळकळीची विनंती अशी, की तिला उद्याच्या बसने इकडे पाठवून द्या. म्हणजे ती शेजारी बसून रस्ता सांगेल (ओरडून सांगितला तरी चालेल) आणि मी तिला न्यायला तुमच्याकडे येईन.