गुरुजींचा एक कोस

अमरावती,
५ जानेवारी २०२५

चि. दुर्गास,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद, वि. वि.

टण्, टण्, टण्. शाळेच्या कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर गुरुजी लोखंडी दांडा मारायचे, तो आवाज काल सकाळी मला इथं तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला. गॅलरीत जाऊन बघतो तर खाली गॅसवाला सिलिंडर उतरवत होता. पण चौसष्ट वर्षांमागचा तो टोल एकदा कानात वाजला तो वाजलाच. दिवसभर मी चौथीत होतो.

तुझी नात प्रतीक्षा वनरक्षक भरतीसाठी धावते आहे आणि डांबरी रस्त्यानं तिच्या पायाच्या नळ्या दुखतात, हे तुझ्या पत्रावरून कळलं. (तुला फोनवर ऐकू येत नाही हे बरंच आहे. नाहीतर आपल्यात पत्रं कुणी लिहिली असती?) गेल्या वेळी तिला तीन किलोमीटरला साडेपंधरा मिनिटं लागली आणि थोड्या गुणांनी नाव हुकलं. यंदा साडेचौदाच्या आत यायला हवं, आणि पुढल्या वर्षी वय बसणार नाही, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, तिला आपली शाळेची वाट दे. विहाराच्या मागून नाल्यात उतरायचं, मोहाच्या झाडांखालून खिंड चढायची, वर सागवानाच्या पाचोळ्यातली मऊ वाट, मग उतार, आणि खाली शाळेची पायरी. गुरुजी नेहमी म्हणायचे, तुमची वस्ती इथून बरोबर एक कोस. म्हणजे तीन किलोमीटर, तिला हवं नेमकं तेवढंच. त्याच वाटेवर मी पुस्तकातल्या सगळ्या कविता पाठ केल्या. चढावर छोट्या ओळींच्या, उतारावर लांब ओळींच्या. तिला हेही सांग.

मोठा भाऊ म्हणून नाही तरी म्हातारा म्हणून माया असू दे.

तुझा दादा,
देवमन


पिंपळटोक, ता. पातूर,
१९ जानेवारी

ति. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझी वाट पोरीले दिली. पहिल्या दिवशी खूश होऊन आली. म्हणे आजी, पाय जमिनीवर पडून राहिला की गादीवर, समजतच नाही. नळ्यांचं दुखणं आठ दिवसांत गेलं. त्याच्यासाठी तुले शंभर गुण.

पण घड्याळ काही आयकत नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली. आता अठरा. त्याच्या खाली उतरतच नाही. साडेपंधरावाली पोरगी अठरावर गेली! काल आली, बूट कोपऱ्यात फेकले अन् म्हणे, मी म्हातारी झाली. मी म्हटलं, तू म्हातारी तर मंग मले अजायबघरात ठेव. हसली नाही.

मायी सून माया म्हणते, जाऊ द्या आता, अकोल्याच्या कापडाच्या दुकानात नोकरी मिळून राहिली, ते धरू द्या. भरती होईपर्यंत मोबाइलले हात लावत नाही म्हणून पोरीनं तो मायजवळ ठेवला होता, तो काल परत मागतला. म्हणजे मनातून सोडलंच समज. भरतीले जातच नाही म्हणते.

तू शिकलेला माणूस. काही सुचव. कविता नको सुचवू.

इथं समदे ठीक. आमची आठवण ठेवत जाय, पावडर लावून बगिच्यात फिरताना सुद्धा.

तुझी बहीण,
दुर्गा


अमरावती,
२५ जानेवारी

चि. दुर्गास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

अठरा मिनिटं वाचून मी चहा तसाच ठेवला. मी इतक्या हौसेनं दिलेली वाट तिला का फळत नाही? तिला म्हणावं, चढावर श्वास मोजू नकोस, त्याऐवजी एखादी चाल मनात धर. (ही कविता नाही, चाल आहे. रागावू नकोस.)

आपण तर दप्तर घेऊन, अनवाणी जायचो. तरी टोल पडायच्या आत पायरीवर असायचो. पळस फुलले की मी फुलं वेचत मागं राहायचो, तू हाका मारायचीस, आणि तरी कधी म्हणून उशीर झाला नाही. मग तिच्यासारख्या तयारीच्या मुलीला तीच वाट जड का जावी? तिला नोकरीचं हो म्हणू देऊ नकोस. निदान आठ दिवस थांबव.

आमच्यावरचा जीव आटू देऊ नये.

तुझा,
देवमन


पिंपळटोक,
३ फेब्रुवारी

ति. दादास,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझं ‘कधी उशीर झाला नाही’ वाचलं अन् चुलीवरचं दूध उतू गेलं. दादा, आपण रोज उशिरा पोचत होतो. तू कविता म्हणत शिरायचा म्हणून गुरुजी हसून तुले आत घ्यायचे. मी उंबऱ्यावर उभी.

अन् उशीर काहून होत होता? गुरुजींचा एक कोस होता तो पाटलाच्या वावरातून, विहिरीजवळून. तिथून आपल्या लोकायले जाऊ देत होते काय? मी एकदा गेली होती. अर्ध्या वावरातून पाटलाच्या जागल्यानं परत फिरवलं, अन् तेही आल्या वाटेनं नाही, धुऱ्याच्या, म्हणजे बांधावरच्या काट्यातून. आपण खिंडीतून फिरून जात होतो ते पळसासाठी नाही, बापा. तू लहान होता असं म्हणत नाही, मी तुझ्याहून लहान होती.

हे ध्यानात आलं तशी वस्तीतल्या धर्मपालले बलावलं. तो वावरात ठिबकचे पाइप टाकून देते, त्याच्याजवळ पन्नास मीटरचा टेप हाये. एक टोक त्यानं धरलं, एक मी. माया म्हणे, तुमी घरी बसा. मी म्हटलं, ही वाट मायी हाये. त्र्याहत्तर वेळा टेप टाकला अन् वरून वीस मीटर. तीन किलोमीटर सहाशे सत्तर! पोरगी महिनाभर जवळपास पाऊण किलोमीटर जास्त पळून राहिली, तेही खिंड चढून, अन् रडून राहिली.

जिथं तीन भरतात तिथं धर्मपालनं दगडाले चुना लावला. दुसऱ्या दिवशी पोरगी त्या दगडाजवळ चौदा मिनिटं चाळीस सेकंदांत पोचली. तिथंच बसली अन् पुन्हा रडली, या खेपेले बरं वाटून.

गुरुजींची सरळ वाट आता सरकारी पांदण रस्ता झाली. परवापासून तिथून पळते. सपाट हाये, टेपनं तीन किलोमीटर मोजून घेतली, चौदा मिनिटं अन् पाच सेकंद आले. त्याच पाटलाच्या घरचा जानराव पाटील धुऱ्यावर बसून असते. त्यानं विचारलं, कोणाची व तू? पोरीनं न थांबता सांगतलं, दुर्गाबाईची.

पंधरा तारखेले भरती अमरावतीलेच हाये. ती आदल्या दिवशी तुझ्याकडे येते. मी येत नाही. मले एसटी लागते, तुले माहीत हाये. वीस वर्षं झाली चढली नाही.

मी रागावली नाही. तूही मनाले लावून घेऊ नको, अन् जीव लावणं सोडू नको.

तुझी,
दुर्गा


अमरावती,
१५ फेब्रुवारी

चि. दुर्गास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून खिशात आहे. साठ वर्षं मी ती वाट ज्याला त्याला ऐकवत आलो, आणि तिच्यातून सहाशे सत्तर मीटर गाळत आलो. तू उंबऱ्यावर उभी असायचीस हे मला खरंच आठवत नाही. बाकावर बसल्यावर मी मागं वळून पाहिलंच नसणार. ते मनाला लावून घेऊ नको म्हणतेस, तेवढं मात्र ऐकणार नाही.

प्रतीक्षा काल संध्याकाळी आली. दोन पोळ्या, वरण, आणि साडेआठला झोप. सकाळी मी टोपी घालून निघालो तर मला दारातच अडवलं. म्हणाली, आबाजी, तुम्ही कडेला उभं राहून काहीतरी म्हणाल आणि माझा श्वास चुकेल. म्हणून घरात बसून तुला लिहितो आहे. नऊला तिची तुकडी सुटणार होती. आता साडेअकरा झाले. दहा वेळा गॅलरीत जाऊन आलो. धावणं झालं असणार. कागदपत्रं तपासायला दुपार होईल असं ती सांगून गेली आहे, म्हणजे दुपारपर्यंत मला काही कळणार नाही. हरली तर तिला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवतो आहे. एकही नीट होत नाही. माझ्याच कोसानं तिचा महिना...

दार वाजलं.

उघडून आलो, दुर्गे. दारात तू आहेस. चेहरा पिवळा पडलेला, एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्या हातात चपला. पहाटेच्या एसटीनं निघून परस्पर मैदानावर गेलीस म्हणतेस, पोरीलाही न सांगता. पाणी पुढं केलं तर ते नंतर म्हणतेस, आधी लिही म्हणतेस: तेरा मिनिटं बावन्न सेकंद. आणि तिथल्या साहेबाला तू विचारलंस म्हणे, हे तीन किलोमीटर टेपनं मोजले की कोणाच्या सांगण्यावरून.