दुसरी क्रेन गैरहजर

ती. दादांच्या चरणी साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्षात माझी कंबर हल्ली पाचव्या अंगालाच संप पुकारते.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या डोळ्यांत थेंब घालणे अजून चालू आहे, की तुम्ही नेहमीप्रमाणे निम्मे गालावर घालून बाटली संपवली? इकडे मी आणि तुमची बहीण दोघेही सुखरूप आहोत. घरातील घडीची खुर्ची मात्र सुखरूप नाही, आणि हे पत्र मुख्यतः तिच्याविषयीची तक्रार वडीलधाऱ्यांच्या कानावर घालण्यासाठी आहे.

ती खुर्ची तुम्ही पाहिली आहे. सकाळी खिडकीपाशी तिच्यात बसून वर्तमानपत्र वाचणे हा माझ्या आयुष्यातील एकमेव निरुपद्रवी शौक. गेले काही आठवडे मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, उभ्याने वाचतो आहे. उभ्याने वाचलेला अग्रलेख डोक्यात न जाता पोटऱ्यांत उतरतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. कारण एवढेच, की खुर्ची रोज सकाळी तुमच्या बहिणीबरोबर कामावर जाते. तुमची बहीण सध्या एका उड्डाणपुलाच्या मागे लागली आहे, आणि त्या पुलाचा कंत्राटदार तुमच्या बहिणीच्या.

आता हे मुळापासून सांगायला हवे. तिच्या शाळेसमोरच्या चौकात उड्डाणपूल होणार, असा फलक लागला त्याला बराच काळ लोटला. फलकावर काम संपण्याची तारीख आहे. ती इतक्या वेळा पुसून नव्याने रंगवली आहे, की आजमितीला त्या प्रकल्पातील सर्वांत भक्कम बांधकाम म्हणजे त्या तारखेवरचा रंग. बाकी दोन खांब, भोवती पत्र्याचे कुंपण आणि शाळेच्या दारापर्यंत आलेला एक खड्डा. मुले त्या खड्ड्याच्या कडेकडेने, एका हाताने पत्र्याला धरून शाळेत येतात. एकीचे दप्तर आत पडले. पुढच्या खेपेला दप्तराबरोबर पोर जाईल, म्हणून तुमच्या बहिणीने बांधकाम खात्याच्या कार्यालयात जाऊन कठडा मागितला. तिथले कारकून म्हणाले, "बाई, कठडा लावलाय की! त्याचं बिलसुद्धा गेलंय."

दादा, हे वाक्य त्या गृहस्थांनी दुसऱ्या कोणाला ऐकवले असते तर खपले असते. तुमच्या बहिणीने रीतसर अर्ज केला आणि कशाकशाची बिले गेली आहेत, त्याची यादी महिनाभर पाठपुरावा करून मिळवली. यादीत कठडा होता. दोन क्रेन होत्या, पाण्याचा टँकर होता, रात्रंदिवस पहारा देणारे रखवालदार होते. सगळे भाडे आणि पगार नेमाने चुकते होत होते. चौकात मात्र एक क्रेन आणि एक कुत्रा. (कुत्रा बिनपगारी.) तिने तक्रार लिहिली. उत्तर नाही. पुन्हा लिहिली. पोच आली, उत्तर नाही. मी तिला म्हणालो, आता वकील बघू. ती म्हणाली, "वकील कशाला? वर्गात कोण आलंय नि कोण नाही, हे बघायला मला वकील लागतो का?"

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी ती माझी खुर्ची घेऊन चौकात गेली, पत्र्यापलीकडचे दिसावे म्हणून तिच्यावर उभी राहिली आणि चौथीच्या वर्गाला पुरेल त्या आवाजात तिने उड्डाणपुलाची हजेरी घेतली. पहिली क्रेन? हजर. दुसरी क्रेन? टँकर? कठडा? माझ्याकडे काम एकच, खुर्ची हलू न देणे. (खुर्ची घट्ट धरून असलेली माणसे सार्वजनिक जीवनात पुष्कळ. दुसऱ्याला उभे राहता यावे म्हणून धरणारा बहुधा मी एकटाच.) पहिले दोन दिवस बसच्या रांगेतील लोक माझ्याकडे दयेने पाहत. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा औषधविक्रेता दुकान उघडता उघडता ओरडला, "गैरहजर, बाई!" आठवड्याभरात सबंध रांग उत्तर देऊ लागली. आता लोक बस मुद्दाम सोडतात.

माझ्या न्यायशास्त्राच्या दृष्टीनेही हा प्रकार उद्बोधक आहे. वस्तू निर्माण होण्यापूर्वी नसते, तो प्रागभाव, आपला पूल. होती ती नष्ट झाल्यावर नसते, तो प्रध्वंसाभाव. पुलासाठी उखडलेला रस्ता. आणि जी कधी नव्हती, नाही आणि असणार नाही, तिचा तो अत्यंताभाव, दुसरी क्रेन. इतकी वर्षे महाविद्यालयात हा भाग शिकवताना मी फळ्यावर नसलेला घडा काढत आलो. आता पोरांना सरळ चौकात नेतो. तुमच्या बहिणीला हे सांगितले, तर म्हणाली, "तुमच्या शास्त्रात गैरहजर राहिलेल्याला पगार देतात का?"

शेवटी गवगवा इतका झाला, की खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार असे ठरले. मांडव पडला, पाण्याच्या बाटल्या मांडल्या गेल्या. कंत्राटदाराचा मुनीम आला. चौकातील चिखलात हा गृहस्थ पांढरे बूट घालून फिरतो आणि त्यांवर डाग पडत नाही, यावरून तो किती काम करतो ते समजावे. खात्याचा कनिष्ठ अभियंताही होता. तो तुमच्या बहिणीचा जुना विद्यार्थी. वर्गात सदा पेंगत असे म्हणून पोरे त्याला डुलकी म्हणत, आणि तीही त्याला अजून डुलकीच म्हणते.

साहेब हसून म्हणाले, "बाई, घ्या तुमची हजेरी. आमच्यासमोर घ्या." पहिली क्रेन मांडवासमोरून धडधडत गेली. हजर. मग साहेबांना सरबत दिले गेले, पांढऱ्या बुटांनी त्यांना नकाशा उलगडून दाखवला, आणि नकाशाची घडी होते आहे तोच पलीकडच्या टोकाकडून दुसरी क्रेन आली. पिवळी, तशीच, तेवढीच. मी खुर्ची धरून मनात म्हणालो, संपले, अत्यंताभाव गाडी चालवत आला.

पण दादा, वर्गात एकाने दोघांची हजेरी लावण्याचा खेळ तुमच्या बहिणीसमोर किती पिढ्यांनी खेळून पाहिला असेल! ती खुर्चीवरूनच म्हणाली, "ड्रायव्हर, टोपी बदललीस, अंगठ्याची पट्टी बदलायची राहिली." तो बिचारा अंगठा लपवू लागला. पांढरे बूट म्हणाले, "बाई, दोन माणसांना लागत नाही का?" तुमच्या बहिणीने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती साहेबांशेजारी बसलेल्या अभियंत्याकडे वळली आणि जुन्याच स्वरात म्हणाली, "डुलकी. दुसरी क्रेन?"

तो ताडकन उठून उभा राहिला. हात मागे. नजर समोर. "गैरहजर, बाई." शपथेने सांगतो, बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याला कळले. पण तोवर साहेबांच्या लेखनिकाने ते उतरवून घेतले होते, कारण आज जे जे बोलले जाईल ते ते लिहायचे, असे साहेबांनीच फर्मावले होते. बसची रांग टाळ्या वाजवत होती. साहेबांनी सरबत खाली ठेवले.

पुढचे थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच दिवशी खड्ड्याला खराखुरा लोखंडी कठडा लागला. कंत्राटदाराची पुढची बिले थांबली आहेत आणि येत्या सोमवारी जाहीर सुनावणी आहे. तिथे तुमची बहीण आणि डुलकी दोघांचीही साक्ष व्हायची आहे. तो परवा संध्याकाळी घरी आला, चहा गार होईपर्यंत कप हातात धरून बसला आणि म्हणाला, "बाई, चुकलं का हो माझं?" तिने त्याचा कप काढून घेतला, दुसरा गरम चहा दिला आणि म्हणाली, "बारा वर्षांत पहिल्यांदा जागा होतास." तो हसला आणि मग डोळे पुसू लागला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन उभ्याने वर्तमानपत्र वाचले.

तिची स्तुती तिच्यासमोर करण्याची आमच्यात पद्धत नाही, म्हणून तुमच्यासमोर करतो. इतकी वर्षे मी समजत होतो की घरात विद्वान मी आणि ती व्यवहारी. आता वाटते, तिला घाबरायचे कसे हेच कोणी शिकवलेले नाही, आणि तो दोष माहेरचा, म्हणजे तुमचा. अभिनंदन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बहिणीच्या खुर्चीचा आधार

ता. क. शनिवारी आठ-पंधरा दिवसांच्या बेताने निघून या. इथे एक दंतवैद्य उत्तम आहे. तुमचे दात चांगले आहेत हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या बहिणीला तुम्ही दातांसाठी आलात असेच सांगायचे. दुखऱ्या बाजूचा गाल कोणता, ते आधी ठरवून या, ती विचारील.

ता. क. दुसरा. तिला 'हे सगळे सोड' असे सांगायला मी तुम्हाला बोलावत नाही. ती फक्त तुमचे ऐकते, आणि तुम्ही सांगितलेत तर कदाचित सोडीलही. तसे एक अक्षर बोलू नका. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर घरापर्यंत चालत या, म्हणजे झाले. मीही जातोच, पण आठवड्यात तीन दिवस माझे तास नेमके त्याच वेळी असतात.

ता. क. तिसरा. ती शाळेत असताना काल पांढरे बूट घरी आले होते. बूट बाहेर काढून, नम्रपणे बसले. पाणी प्यायले. तुमच्या बहिणीचे कौतुक केले. निघताना म्हणाले, "बाई येतात ना परत, त्या बंद गोदामाच्या मागच्या बोळातून? एकट्याच असतात, नाही?" त्यांना उत्तर नकोच होते. हे मी तिला सांगितलेले नाही. दादा, मला भीती वाटते. ती घरातून निघाली की परत दारात दिसेपर्यंत माझे कशातही लक्ष लागत नाही.