नको म्हटलेला चहा

भिवपुरी, शुक्रवार, ९ जानेवारी १९७०

झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी संध्याकाळचा चहा सोडायला सांगितला. आठवडाभर काटेकोर पाळले. झोप लागू लागली, चिडचिडही कमी झाली. आज त्याच पथ्याने घात केला.

कामावरचा सोबती गौतम पहिल्यांदाच मला दहिवलीच्या बौद्धवाड्यात, त्याच्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईने निळ्या काठाच्या नव्या कपात चहा आणला. मी म्हणालो, "नको मावशी, संध्याकाळी घेत नाही."

कप तिच्या हातातच राहिला. "आमच्या घरचा नको काय रं?"

मी डॉक्टर, झोप, सगळे सांगत बसलो. जितके सांगितले तितके खोटे वाटत गेले.

गौतम हसला. "ऱ्हाऊ दे गं आई. पाटलाच्या पोराची झोप आमच्याच चहानं मोडते."

दोन घोट घेतले असते तर काय बिघडले असते? पथ्य, पथ्य! मूर्ख मी. तो निळा काठ डोळ्यांपुढून हलत नाही. आज चहा न घेताही झोप येणार नाही.

उद्या संध्याकाळी जाऊन स्वतः चहा मागणार. मावशी पुन्हा तो कप काढेल का?