दोन दिवस टिकणारी बॅटरी

मंगळवार, ४ मार्च

"पाच हजार माणसांना चांगला वाटतो, मग माझ्याकडेच का वाजत नाही गं?" आईने आज विचारलं. मला उत्तर आलं नाही. म्हणून ओरडले तिच्यावर.

माझं हे असंच! उत्तर येत नसलं की आवाज चढतो.

तिसऱ्यांदा झालं हे. आई लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसं सांभाळते. अकरा वर्षं. कामं ब्यूरोच्या बाई देतात आणि त्यांचा नियम सरळ आहे – दोनदा फोन, लागला नाही तर यादीतलं पुढचं नाव. आज दोन्ही वेळा मोबाईल आईच्या शेजारी होता. रेंजच्या काड्या पूर्ण. तो वाजलाच नाही! आणि बाईंना तिकडे काय ऐकू आलं? 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' आई कुठे बाहेर होती? कॉटवर बसून लसूण सोलत होती.

मी म्हटलं, "ते विमानाचं चित्र दाबतेस तू. नकळत दाबलं जातं."

"मी कशाला विमान दाबू? जन्मात बसले नाही त्याच्यात."

बाबा शिलाई मशीनवरून हसले. मला हसू आलं नाही. कारण मोबाईल मी निवडला आहे. नुसता निवडला नाही – आमच्या ऑफिसच्या वेबसाइटवर त्याच्या परीक्षणाचं पान मीच लिहिलं आहे.

बुधवार, ५ मार्च

लोकांना वाटतं आम्ही मोबाईल वापरून बघतो. नाही. आम्ही माणसं वाचतो. एकेका मोबाईलच्या हजारो मालकांनी ठिकठिकाणी लिहून ठेवलेलं असतं, ते वाक्य न् वाक्य उचलायचं आणि कप्प्यात टाकायचं. जमेची बाजू. कमकुवत बाजू. चार टक्के मालकांनी एकच गोष्ट सांगितली की ती पानावर जाते. वर ओळ असते – 'मालकांच्या मतांवरून.' ही ओळ वाचूनच मी इथे अर्ज केला होता. जाहिरात नाही, वशिला नाही, ज्याने वापरलं त्याचा शब्द!

तिसरा कप्पा मी सुचवला. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात. तेव्हा खोकं फाटलं, माल उशिरा आला, घरात रेंज नाही, असल्या कारणांवरून लोक एक तारा द्यायचे आणि चांगल्या मोबाईलचं नाव खराब व्हायचं. मी म्हटलं, हे 'मोबाईलबाहेरचं'. वेगळं ठेवू, मोजायचं नाही. संपादकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्याकडून शिका." (त्यांना पाठीमागे सगळे तराजू म्हणतात. बोलताना दोन्ही तळवे वर-खाली करतात म्हणून.)

त्या दिवशी घरी सांगितलं तर बाबा ब्लाउज न्यायला आलेल्या बाईला म्हणाले, "आमची ग्रॅज्युएट आता मोबाईलचा न्याय करते." न्याय!

आईच्या मोबाईलचं पान आज पुन्हा बघितलं. जमेची बाजू, पहिलीच – बॅटरी दोन दिवस टिकते, एकसष्ट टक्के मालक. एवढी पसंती दुसऱ्या कुठल्याच बॅटरीला नाही. कमकुवत बाजू – अंधारात फोटो पुसट, मागून निसरडा. संपलं.

वाजत नाही असं कुठेही नाही. म्हणजे आईचंच चुकतंय.

शुक्रवार, ७ मार्च

आई मोबाईल चार्जरला लावून त्याच्यापुढे स्टूल टाकून बसते. आजाऱ्याच्या उशाशी बसते तशी.

"हे काय?"

"वायर लावली की वाजतो तो."

"काहीतरीच, आई! वायरचा न् वाजण्याचा काय संबंध?"

तिने वायर पुन्हा घट्ट बसवली. मग म्हणाली, "तू शिकलेली आहेस बाई. माझंच चुकत असेल काही."

रविवार, ९ मार्च

ब्यूरोने आईचं नाव काढलं.

बाई स्वतः आल्या होत्या सांगायला, एवढं मात्र केलं त्यांनी. काल एक आजोबा न्हाणीघरात पडले. घर आपल्या गल्लीपासून पाच मिनिटांवर. बाईंनी आईला फोन लावला. एकदा, दोनदा, नियम मोडून चौथ्यांदासुद्धा! आजोबा दोन तास फरशीवर. "तुमच्या भरवशावर राहिले मी," म्हणाल्या. "तुम्ही वाईट नाही हो. पण लागत नसेल तर माझ्या काय उपयोगाच्या?"

आई एवढंच म्हणाली, "आजोबा बरे आहेत ना?"

त्या गेल्यावर तिने कामावरचे दोन्ही ॲप्रन घड्या घालून खाली, ट्रंकेत ठेवले. कपाटात नाही. ट्रंकेत!

मला इतका राग आला की मोबाईल भिंतीवर मारावा. मारला नाही. टेबलावर ठेवला, हात लावला नाही, घड्याळ लावून तासभर बसले. मग माझ्या मोबाईलवरून लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' आईचा उचलला, काच उजळली आणि टपकन निरोप पडला – तुम्हाला एक फोन येऊन गेला. वायर लावून तासभर ठेवला. लावला. खणखणीत वाजला!

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही.

आईला बरोबर कळलं होतं. चौथी शिकलेल्या बाईने बसल्या जागी शोधून काढलं आणि मी म्हटलं काहीतरीच. तिने मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १० मार्च

तिसरा कप्पा उघडला. सात महिन्यांत कोणी उघडला नव्हता, मीही नाही. मोजायचंच नाही तर उघडायचा कशाला?

आत काय होतं ते इथे उतरवते. विसरायचं नाही मला.

'मोबाईल उत्तम. आमच्याकडे रेंजचा त्रास दिसतो, बहीण वीस वेळा लावते, लागत नाही. पाच तारे.'

'मला नीट वापरता येत नाही बहुतेक. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही बंद करून ठेवता. मी करत नाही.'

'चार्जरला लावला की राहिलेले सगळे निरोप एकदम येतात. गंमतच आहे. बॅटरी मात्र झकास!'

'शाळेतून फोन आला होता म्हणे, मुलगी तापली होती. मला संध्याकाळी कळलं. मोबाईलचा दोष नाही, सिम बदलून बघते.'

मोबाईलचा दोष नाही! स्वतःच लिहून दिलंय बिचारीने. आणि हे वाक्य माझ्याच हाताने कप्प्यात गेलं आहे, त्यावर माझ्या नावाची खूण आहे. मला आठवतसुद्धा नाही.

पाच हजार दोनशे मालक. त्यातले चारशे अडतीस हेच सांगत होते. आठ टक्क्यांच्या वर. चारची पायरी कधीच ओलांडली होती. पण जो ओरडून शिव्या देतो तो आमच्याकडे मोजला जातो. जो आधी स्वतःलाच दोष देतो तो मोजला जात नाही. हा न्याय!

शेजारच्या टेबलावरची (कॅमेरे तिच्याकडे असतात, जीभ कात्रीसारखी) वाकून वाचत होती. म्हणाली, "दोन दिवस बॅटरी टिकते त्यात नवल काय? मी पण दोन दिवस अंथरुणातून उठले नाही तर एका भाकरीवर निभावेन."

मी तिच्याकडे बघतच राहिले. झोपतो तो! स्पर्श केला नाही की गाढ झोपतो, म्हणून फोन येत नाहीत आणि म्हणूनच बॅटरी उरते. एकसष्ट टक्के लोक ज्याला शाबासकी देतात आणि चारशे अडतीस ज्याला रडतात ती एकच गोष्ट आहे!

घरी येऊन सेटिंगमध्ये खोल-खोल जाऊन ती झोप बंद केली. पाच पायऱ्या. आईला कशी सापडणार होती?

मंगळवार, ११ मार्च

आईचा मोबाईल आता वाजतो. बॅटरी संध्याकाळी सहालाच संपली. बघा!

आकडे घेऊन तराजूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. तळवे वर-खाली.

"रेंज मोबाईलबाहेरची, हा नियम कोणाचा?"

"माझा."

"चांगला नियम आहे. एका मोबाईलसाठी वाकवला तर उद्या कोणीही म्हणेल, हे मनाला येईल तसं मोजतात."

"पण मोजलंच नाही ना, सर! चुकीच्या कप्प्यात टाकलं."

"हा मोबाईल घरी कोण वापरतं तुझ्या?"

सांगितलं. खोटं कशाला बोलू?

"मग बघ," ते म्हणाले. "आईचं काम गेलं म्हणून तू आलीस. हेच दुसऱ्या कोणाच्या आईचं गेलं असतं तर?"

संतापाने कान तापले. बाहेर येऊन पाणी प्यायले. सगळ्यात जास्त राग कशाचा? ते खरं बोलले याचा! चारशे अडतीस जण सात महिने माझ्या कप्प्यात पडून होते, मी एकदाही वाकून बघितलं नाही. माझं घर पेटलं तेव्हा धावले.

पण म्हणून आग खोटी होते का?

गुरुवार, १३ मार्च

बाबांना सांगितलं सगळं. ते बटण लावत होते. दोरा दाताने तोडून म्हणाले, "कपडा घट्ट झाला तर गिऱ्हाइकाला जाडी म्हणायचं नसतं. माप आपण घेतलेलं असतं."

पुढचं बटण.

शुक्रवार, १४ मार्च

बैठक. पानाच्या फोटोसाठी ऑफिसात आणलेला तसलाच मोबाईल मी सिम घालून सकाळीच टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि कोणाला हात लावू दिला नव्हता. चहा झाला, नेहमीची रटाळ चर्चा झाली. शेवटी म्हटलं, "सर, तुम्ही लावा याच्यावर फोन. तुमच्या मोबाईलवरून. माझी आई इथे नाही."

कोणीतरी खोकलं.

त्यांनी लावला. स्पीकरवर. समोर हातभर अंतरावर मोबाईल, काड्या पूर्ण, आणि फोनमधली बाई गोड आवाजात सांगते – आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. शेजारची म्हणाली, "व्यक्ती टेबलावर आहे हो."

तराजूंनी दुसऱ्यांदा लावला. तेच. मग तो मोबाईल उचलून उलटसुलट बघितला. माणूस वाईट नाही, हे मला रागातही लिहिलं पाहिजे.

"टाक पानावर. पहिली कमकुवत बाजू म्हणून टाक," म्हणाले. आणि मी उठताना – "पण एवढ्यावर थांब. एकतीस मोबाईलची पानं आहेत आपली. प्रत्येकाची थडगी उकरत बसू नकोस."

पाच वाजता पान बदललं. 'फोन हाताळला नाही तर येणारे कॉल पोचत नाहीत; बॅटरी दोन दिवस टिकते ती यामुळेच.' झोप कशी घालवायची त्या पाच पायऱ्याही लिहिल्या. घरी चालत आले. जिंकल्यासारखं वाटत होतं.

सोमवार, १७ मार्च

पान छापून घेतलं आणि ब्यूरोत गेले. जिन्याखालची एवढीशी खोली, एक टेबल, भिंतीवर यादीचा फळा. आई यायला तयार नव्हती. "भांडायला जाऊ नकोस," म्हणाली. भांडायला नव्हतेच गेले. सांगितलं – आईचा दोष नाही. मोबाईलचा आहे, आणि तो चांगला म्हणून सांगितलं ते मी.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. दोनदा. मग उठून फळ्यावर आईचं नाव लिहिलं. सगळ्यात खाली. अकरा वर्षांनी खालून पहिली! पण लिहिलं. आजोबांकडे दुसरी बाई लागली आहे, ती आता काढता येणार नाही, म्हणाल्या. बरोबरच आहे.

मी आभार मानून निघाले तर त्यांनीच थांबवलं. कागद हातातच होता.

"काय गं, हे बाकीच्या मोबाईललाही होतं का?"

"का?"

"वर्षात अजून दोघींना काढलं मी. लागत नाही म्हणून. त्या पण देवाशपथ सांगायच्या, आम्ही घरातच होतो. मोबाईल मात्र वेगळे होते त्यांचे." मग डस्टर हातात घेऊन हळू आवाजात, "एक तर रडत होती. मी म्हटलं, नाटकं नकोत."

मला तिथे उभं राहवेना.

मंगळवार, १८ मार्च

दुपारच्या सुट्टीत आणखी सहा मोबाईलचे तिसरे कप्पे उघडले. चारांत तेच. एकात तर वेगळंच – कानाला लावला की समोरच्याचा आवाज जातो, आणि तीनशे जणांनी लिहिलंय, 'वयामुळे असेल.'

वयामुळे!

तराजूंना दाखवलं. ते म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं?" मी विचारलं, मग पुन्हा कधी मोजायचं? "पुढच्या वर्षी बघू. पान बंद ठेवून चालणार आहे का? लोक आज खरेदी करतायत."

लोक आज खरेदी करतायत. तेच तर!

बुधवार, १९ मार्च

सकाळी आठला ऑफिस उघडलं, किल्ली माझ्याकडे असते. साडेनऊपर्यंत एकतीसच्या एकतीस पानं उतरवली, आईच्या मोबाईलचंसुद्धा. प्रत्येकाच्या जागी एकच मजकूर ठेवला – 'पुन्हा मोजेपर्यंत हे पान बंद आहे. स्वतःला दोष देणाऱ्या मालकांना आम्ही मोजलं नव्हतं. हा नियम माझा होता.' खाली माझं पूर्ण नाव.

राजीनामा लिहिलेला नाही. पहिल्या मोबाईलचा तिसरा कप्पा उघडून मोजायला बसले आहे.