बिल्ल्यांची पाठ

३ मार्च
यंदा क्लबचा कप सिरिल हॅडलोला सलग चौथ्यांदा मिळू द्यायचा नाही. हेवा वगैरे काही नाही. त्याचा कप घेतानाचा चेहरा बघवत नाही, एवढंच.

९ मार्च
आमच्या बिल्ला-संग्राहक क्लबच्या प्रदर्शनाचा विषय जाहीर: फौजी टोपीचे बिल्ले टोपीत अडकवायची तऱ्हा कशी बदलत गेली. आधी पाठीला दोन कड्या आणि त्यातून पिन. मग टोपीच्या फटीत सरकवायची उभी पट्टी. दुसऱ्या महायुद्धात पितळ वाचवायला प्लॅस्टिकचे बिल्ले, मागे वाकवायची पाती. सगळं आहे माझ्याकडे. शिवाय आजोबांचा बोअर युद्धातला कडीवाला. सिरिलकडे काचेचं कपाट आहे, पण त्याचे आजोबा केटरिंग गावात पाव विकायचे.

१५ मार्च
बायकोने, डोरीनने, सिरिलला चहाला बोलावलं. मला न विचारता. आजोबांचा बिल्ला उलटा करून तो कितीतरी वेळ बघत बसला. म्हणाला, "नॉर्मन, माझं अख्खं कपाट घे, पण हा मला दे." मी नाही म्हणालो. काय बरं वाटलं! तो गेल्यावर डोरीन म्हणाली, किती सभ्य माणूस. कपाळ माझं.

२२ मार्च
युक्ती सुचली. सगळे बिल्ले उलटे मांडणार. पाठच दिसली पाहिजे. सिरिलला हे सात जन्मांत सुचणार नाही.

४ एप्रिल, सकाळ
पाठी काळ्याकुट्ट आहेत. पितळेचं पॉलिश आणलं. डोरीन म्हणाली, "आधी सिरिलला विचारून बघ ना." मग तर मुळीच विचारलं नाही.

संध्याकाळ
बोटं सोलली. पण आजोबांच्या कड्या आरशासारख्या!

१२ एप्रिल
प्रदर्शन. परीक्षक पिकथॉलसाहेब भिंग लावून माझ्या बोर्डापुढे थांबले. सिरिलपुढे थांबले त्याहून जास्त. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, "नकली बिल्ला कसा ओळखायचा ते बघा. पाठीला जुना मळ नाही, कड्या कोऱ्या करकरीत. आपल्याच नकला मांडायला हिंमत लागते." कप मला. सिरिल दुसरा.
खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण सिरिल टाळ्या वाजवत होता, आणि त्याचा चेहरा पडला होता. कप घेतला.
नंतर तो जवळ आला. हळूच म्हणाला, "तो कडीवाला तुझ्या आजोबांचा ना रे?"
मी म्हणालो, छे, तीही नक्कलच.
"मग ठीक आहे. क्षणभर वाटलं, खराच घासून टाकलास."
क्लबच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेला बोर्ड वर्षभर हॉलमध्ये टांगतात. सेक्रेटरीबाईंनी खाली कार्ड लावलं: 'सर्व नकला. कृपया फसू नका.'
कप घरी आणला. आजोबा तिथेच राहिले.