सुमनताईंच्या भिंतीला भोक

१० नोव्हेंबर, सोमवार
माझी लेक मित्रा आत्ता कुठं झोपली होती. चार वाजले आन् शेजारच्या सुमनताईची ड्रिल मशीन घुर्र. भिंत दोघींत एकच, सगळी काँक्रीटची, आवाज पार दातात जातो. पाच महिन्यांची पोर माझी, रडून काळीनिळी झाली. वजन वाढंना. डॉक्टरीणबाई म्हणल्या, झोप झाली पायजे. फर्निचरचं काम हाय म्हणती ताई. फर्निचर कसलं, मुद्दाम करती बाई. आता सोडत न्हाई तिला.

११ नोव्हेंबर
लिफ्टमधी भेटली. अशी नजर मारली की जळाली आसंल. ती म्हणली, "मिनल, बाळ लई रडतं का गं?" मी म्हणले, "न्हाई हो ताई, मस्त झोपती." घाबरून न्हाई. तिला सुगावा लागू नये म्हणून.

१२ नोव्हेंबर
ह्यांनी चाकणवरनं, कंपनीतल्या मित्राची मशीन आणली. घड्याळ टांगायचंय, आसं मी सांगितलं. हे म्हणले, "रविवारी मी मारतो भोक. तू हात लावू नको." बरं म्हणले. उद्याच लावणार. दुपारी दोनला, ताई झोपती तवा. तिला बी कळू दे.

१३ नोव्हेंबर
दोनला न्हाई जमलं. दोन ते चार मशीन बंद, सोसायटीचा नियम हाय. वॉचमन आला तर? चारला चालू केली. तिकडची बी तवाच चालू झाली, त्यामुळं माझी कुणाला ऐकूच गेली न्हाई. डोळे मिटून दाबली. नखाएवढं आत गेलं. तिची झोप उडाली आसंल. पोरगी रडत होती, पण ते तिच्या मशीननं.

१४ नोव्हेंबर, रात्री
आज सगळा जोर लावला. फट्ट! ठिणगी उडाली. मशीन टाकून पलंगावर चढले. मग ऐकलं तर तिकडं सगळं बंद! मशीन, टीव्ही, मिक्सर. लाईटच गेली तिची. जिंकले! मित्रा दोन तास झोपली. परत माझ्या नादी लागणार न्हाई.

१५ नोव्हेंबर
वायरमन आला. वायरीचा पाईप काँक्रीटमधीच ओतलेला आसतो म्हणं, तो मी फोडला. आता भिंत खोदायची, ती बी आमच्या बाजूनं. तिच्या बाजूला नवं कपाट बसलंय. ह्यांनी मशीन उचलून पिशवीत भरली. तेवढ्यात ताई आली. मी भांडायला पदर खोचला. ती म्हणली, "शॉक न्हाई ना बसला तुला? येडी कुठली! धुरळ्यात लेकरू नको ठेवू, दे माझ्याकडं. आमचं काम तर बंदच पडलंय." दिली. धाक दाखवायला दोन शब्द बोलणार होते, तोवर गेली बी.

१७ नोव्हेंबर
सकाळपास्नं भिंत फोडायची ब्रेकर मशीन चालू हाय, आमच्याच खोलीत. डोक्यात धुरळा, दात वाजतायत. मित्रा आज बी ताईकडं, पोटभर दूध पिऊन झोपली म्हणं. आत्ता ताईचा फोन आला. "मिनल, त्या माणसाला जरा दमानं मारायला सांग गं. पोरगी दचकती."